अजून चालतोय तोवर

गाडी बंद असू द्या. रात्रभर उभी राहिलेली, इंजिन पूर्ण गार झालेलं, कुठं निघायची घाई नाही, अशी सकाळ या मननासाठी निवडा. किल्ली खिशात ठेवा. बॉनेट उचला, दांडी नीट अडकवा आणि मिनिटभर काहीही न करता नुसतं आत पाहा.

इंजिनाच्या एका अंगाला, अरुंद फटीत, चार-पाच पुल्यांवरून वळसे घेत गेलेला एक काळा पट्टा दिसेल. जागा अडचणीची असते, टॉर्च लागेल. कुणी त्याला फॅन बेल्ट म्हणतं, कुणी अल्टरनेटर बेल्ट, कुणी एसीचा बेल्ट. आजचा प्रश्न एवढाच आहे की हा बदलायचा कधी. घाईत विचारला तर त्याचं उत्तर गॅरेजवाला देतो, नाहीतर रस्ता देतो. आपण तो सावकाश विचारणार आहोत.

आधी नजरेने पट्ट्याची वाट धरा. सगळ्यात खाली मोठी पुली आहे, ती क्रँकशाफ्टची. इंजिन फिरलं की ती फिरते आणि बाकीच्या सगळ्या पुल्या तिच्या जिवावर फिरतात. तिथून पट्ट्याबरोबर वर सरका. प्रत्येक पुलीपाशी थांबा आणि ही फिरायची थांबली तर काय होईल, ते मनाशी आणा.

ही अल्टरनेटरची. ही थांबली की बॅटरीत नवी वीज येणार नाही. जेवढी भरलेली असेल तेवढ्यावर दिवे, वायपर, इंजिनाचा कॉम्प्युटर चालतील आणि मग एकेक करून मिटतील. ही एसी कॉम्प्रेसरची. ही थांबली तर उकाडा सोसता येईल, पण पावसाळ्यात समोरच्या काचेवर धरलेली वाफ लवकर हटणार नाही. जुन्या गाडीत ही पॉवर स्टिअरिंगची असेल. ही थांबली तर नेमक्या वळणावर चाक हातात दगडासारखं जड होईल. आणि ही वॉटर पंपाची. इथे थोडं जास्त थांबा. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्ट नावाच्या वेगळ्या पट्ट्यावर असतो, पण पुष्कळ गाड्यांत तो याच पट्ट्यावर फिरतो. हा थांबला की इंजिनातलं कूलंट फिरायचं थांबतं आणि तापमानाचा काटा चढू लागतो. भर रस्त्यात चालत्या इंजिनाला तिथून बिघाडापर्यंत पोचायला काही मिनिटं पुरतात. हेड तापून वाकतं, गॅस्केट जातं, आणि पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

उरलेली एखादी गुळगुळीत पुली कशालाच जोडलेली दिसत नाही. ती टेन्शनरची. आत स्प्रिंग असते आणि पट्टा कायम ताठ ठेवणं एवढंच तिचं काम. तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. तुम्ही आज पाहा, कारण पुढे तिचा विषय निघणार आहे.

आता एक हिशेब करू. क्रँकची पुली सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची धरा, म्हणजे तिचा परीघ ४७ सेंटिमीटरच्या आसपास. शहरातल्या साध्या वेगात इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं. म्हणजे तुमच्या समोरचा हा पट्टा ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे धावतो, गाडी सिग्नलपासून नुकतीच सुटलेली असली तरी. पट्टा दोन मीटर लांब असेल तर त्याच्यावरचा कुठलाही एक बिंदू सेकंदाला जवळपास आठ वेळा पूर्ण वाट चालून येतो. तासाभरात २८,००० वेळा. आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पुलीवर त्याला वाकावं लागतं, परत सरळ व्हावं लागतं, कधी उलट्या बाजूनेही वाकावं लागतं.

हा आकडा मनात राहू द्या. आपण ऑफिसला पोचेपर्यंत, आईला दवाखान्यात नेऊन आणेपर्यंत, मुलांना क्लासला सोडेपर्यंत हे सगळं घडत असतं. त्या वेळात आपल्याला या पट्ट्याची आठवणही येत नाही. त्यात आपलं चुकतं असं मी म्हणणार नाही. चालत्या यंत्राचा सारखा घोर लावून घेणारा माणूस गाडी नीट चालवू शकत नाही. पण वर्षातून एक-दोन सकाळी एवढं लक्ष त्याला द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पट्ट्याला हात लावायची वेळ आली. किल्ली खिशात आहे ना, पुन्हा चाचपून पाहा. पट्टा फिरत असताना तिथे बोट, ओढणीचं टोक, साडीचा पदर, मनगटातला दोरा, काहीही जाता कामा नये. काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून गार इंजिन निवडलं.

दोन पुल्यांच्या मध्ये, जिथे पट्टा मोकळा आहे, तिथे तो दोन बोटांत धरा आणि हलकेच पिळून त्याची आतली बाजू आपल्याकडे वळवा. आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने जाणाऱ्या चार-पाच-सहा उभ्या धारा दिसतील आणि प्रत्येक दोन धारांमध्ये एक खाच. पुलीवरही अशाच धारा आणि खाचा असतात. एकाची धार दुसऱ्याच्या खाचेत जाते. पकड मिळते ती या धारांच्या उतरत्या कडांवर. ताण पडला की पट्टा पुलीच्या खाचांत पाचरेसारखा रुतून बसतो, आणि असा रुतला तरच तो ओढू शकतो. खरा ओढा मात्र रबर सोसत नाही. रबराच्या आत पॉलिस्टरचे किंवा तशाच चिवट धाग्यांचे दोर घातलेले असतात, ओढा ते सोसतात. रबराने त्यांना धरून ठेवायचं आणि पुलीला चिकटून राहायचं.

बोट त्या धारांवरून आडवं फिरवा. काय शोधायचं?

जुन्या माणसांना विचाराल तर ते म्हणतील, भेगा. ते खरं होतं. पूर्वीचे पट्टे निओप्रीनचे असत. उष्णतेने ते रबर कडक होई आणि धारांवर आडवे चिरे पडत. पट्टा उलटा वाकवला की चिरे तोंड उघडत. बोटभर लांबीत तीन-चार चिरे मोजले की पट्टा उतरवायचा, हा ठोकताळा गॅरेजमध्ये पिढ्यानपिढ्या चालला आणि तो चांगला होता. पट्टा स्वतःच आपलं वय दाखवत होता.

१९९० च्या दशकापासून पट्ट्याचं रबर बदलत गेलं. आजचे बहुतेक पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता कितीतरी जास्त सोसतं आणि सहसा चिरत नाही. लाखभर किलोमीटर पळालेला पट्टाही वरवर पाहता धड दिसतो. काळा, लवचिक, एकही भेग नाही. आणि तरीही तो संपलेला असू शकतो.

ही गोष्ट पचायला वेळ लागतो, म्हणून इथे घाई करू नका. ईपीडीएमचा पट्टा चिरत नाही, तो झिजतो. धारांच्या कडांवरून रबर कणाकणाने जातं. धारा बारीक होतात, मधल्या खाचा रुंद आणि खोल होतात. मग पट्टा पुलीत जास्त खोल बसतो. पुलीच्या धारांची टोकं पट्ट्याच्या खाचेच्या तळाला टेकली की पाचर सुटते. रुतून धरायला काही उरत नाही, पट्टा नुसता टेकून राहतो. आपल्या पायातल्या जुन्या चपलेचं असंच असतं. वरून पट्टे शाबूत, शिवण शाबूत, रोज घालून फिरतो आपण. तळ गुळगुळीत झालाय हे कळतं ते ओल्या फरशीवर पाऊल पडतं तेव्हा.

म्हणून या पट्ट्याला डोळ्यांनी पास करू नका. बोटाने पाहा. नव्या पट्ट्याच्या धारांचे माथे बहुतेक सपाट असतात आणि खाचा अरुंद. झिजलेल्या पट्ट्यात धारा निमुळत्या, टोकदार लागतात. याहून पक्कं पाहायचं तर गेज मिळतं. हातात मावणारी प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, तिच्यावर खाचेच्या मापाची दांडी. ती खाचेत बसवायची. दांडी धारांच्या वर उठून राहिली, बोटाला लागली, तर पट्ट्यात जीव आहे. धारांच्या पातळीला किंवा त्याखाली गेली, तर पट्टा बदलायचा. गॅरेजमध्ये असं गेज नसेल तर त्याच मापाचा नवा पट्टा मागवून दोन्ही शेजारी धरायला सांगा. शेजारी धरल्यावर झीज लपत नाही.

बोट फिरवता फिरवता आणखी काय लागतं? एखादी कड आरशासारखी चकचकीत आणि कडक लागली तर पट्टा घसरतोय आणि घसरून तापतोय. खाचांत रबराच्या चुऱ्याच्या बारीक गोळ्या चिकटून बसल्या असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा ताण कमी आहे. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला धागे सुटले असतील, तर तो कुठेतरी पुलीच्या काठाला घासतोय. धारेचा एखादा तुकडाच निघाला असेल तर पुढचा विचार नको, गॅरेज गाठा. पट्टा बुळबुळीत आणि फुगलेला लागला तर वर कुठूनतरी इंजिन ऑइल किंवा कूलंट गळतंय. अशा वेळी गळती थांबवल्याशिवाय नवा पट्टा घालणं म्हणजे त्या पट्ट्याचंही आयुष्य आधीच संपवणं.

हात पुसा. थोडं मागे व्हा. आता इंजिन सुरू करा आणि बॉनेटपासून हातभर लांब उभे राहून ऐका.

पावसाळ्यातल्या पहिल्या सेल्फला पट्टा किंचाळतो, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलंय. रात्रभराचा दमट गारवा, बॅटरीला स्टार्टरने खेचलेली वीज भरून द्यायची म्हणून अल्टरनेटरवर एकदम आलेला भार, त्यात एसी लावलेला. सगळा भार एकदम पट्ट्यावर येतो आणि तो घसरतो. दहा-पंधरा सेकंदांनी आवाज बंद होतो आणि आपण निघतो. इथे स्वतःला शांतपणे विचारा, हा आवाज गेल्या पावसाळ्यात होता का? तेव्हा महिन्यातून एकदा येत असेल आणि आता रोज येत असेल, तर पट्टा काहीतरी सांगतोय आणि तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे.

आवाज दोन प्रकारचे असतात आणि दोघांचं सांगणं वेगळं. एक सलग किंचाळी. ती बहुधा घसरण्याची, म्हणजे ताण कमी किंवा पट्टा झिजलेला. दुसरी चिमणीसारखी तालात येणारी चिवचिव, इंजिनाचा वेग वाढला की तीही भरभर होते. ती बहुधा पुली तिरकी बसल्याची खूण. ओळखायचा एक उपाय आहे. झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याच्या बाटलीने, लांबूनच, फिरत्या पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. आवाज तत्काळ वाढला तर ताणाचा दोष. क्षणभर थांबून परत आला तर पुल्यांच्या रेषेचा. पाणीच मारा. आवाज बंद करायला पट्ट्यावर साबण, मेण, ग्रीस किंवा फवाऱ्याचं तेल मारणारे भेटतात, त्यांना नम्रपणे नको म्हणा. आवाज बंद होतो, दोष तसाच राहतो आणि रबर आणखी खराब होतं.

आणि पट्ट्यावर अन्यायही होऊ देऊ नका. पुष्कळदा आवाज त्याचा नसतोच. पट्ट्याला नुसती वाट देणाऱ्या एखाद्या आयडलर पुलीचं बेअरिंग कोरडं पडलेलं असतं, नाहीतर टेन्शनरची स्प्रिंग थकलेली असते. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात जागच्या जागी थरथरत, उड्या मारत असेल, तर दोष तिथे आहे. अशा गाडीत नुसता पट्टा बदलला तर आठ-पंधरा दिवस शांतता मिळते आणि मग नव्या पट्ट्यातून तोच आवाज येतो. पट्टा उतरलेला असताना मेकॅनिकला प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहायला सांगा. ती न खरखरता, न डुगडुगता फिरली पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, पण पट्टा उतरलेला असतानाच ते करता येतं.

इंजिन बंद करा.

घरात जुनी गाडी, जीप किंवा टेम्पो असेल तर तिथे पट्टा वेगळा दिसेल. एकच जाड धार, व्ही आकाराची. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि दोऱ्याचा असा पट्टा बनवला आणि त्याआधीच्या चामडी आणि दोरखंडाच्या पट्ट्यांची जागा त्याने घेतली. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आठवा. एकच व्ही-बेल्ट तिचा पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवी. तो गेला की तिन्ही गेले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, आणि तिला घेऊन खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढणारे ड्रायव्हर निघण्याआधी अंगठ्याने बेल्ट दाबून पाहायचे. त्या पिढीच्या डिकीत पान्ह्यांबरोबर एक जादा बेल्ट असायचा. ही सवय मला फार मोलाची वाटते. यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवायचा आणि तरीही त्याचा दुवा तुटू शकतो हे गृहीत धरून निघायचं, यात कसलीही भीती नव्हती.

तो अंगठा तुम्हीही लावून पाहा. दोन पुल्यांच्या बरोबर मध्ये व्ही-बेल्ट जोर लावून दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत जावा, नेमकं माप गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. फारच सैल असेल तर तो घसरेल. फार ताठ असेल तर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खाईल, आणि हे दुसरं नुकसान लोक विसरतात. एक खूण आणखी पाहा, पुलीच्या खाचेचा तळ. व्ही-बेल्ट दोन्ही बाजूंनी धरतो, तळाला त्याने कधी टेकायचं नसतं. तळ घासून चांदीसारखा चमकत असेल तर पट्टा झिजून खाली बसलाय, मग ताण कितीही वाढवा, उपयोग नाही.

आता मोटार सोडून महाराष्ट्रात जिने घराघरांत जागा घेतलीय तिच्याकडे वळू. गिअरलेस स्कूटर. हिचा पट्टा दिसत नाही. डाव्या बाजूच्या झाकणाखाली, मागच्या चाकापर्यंत गेलेल्या लांबट पेटीत तो असतो. पण मोटारीच्या पट्ट्याने फक्त जोडीची यंत्रं फिरतात. स्कूटरच्या पट्ट्यावर स्कूटर स्वतः चालते. इंजिनाची सगळी ताकद त्याच्यावरूनच मागच्या चाकाला जाते. १९५८ साली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने छोट्या मोटारीत ही व्हेरिओमॅटिक पद्धत आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने ती रस्त्यावर आणली. क्लच नाही, गिअर नाही, नुसती मूठ पिळायची. घरातल्या कितीतरी बायकांनी तिच्यावर पहिल्यांदा एकट्याने बाहेरची कामं उरकली.

डोळे मिटून त्या पेटीच्या आत जा. पुढे एक पुली, मागे एक. दोन्ही दोन-दोन तबकड्यांच्या, आणि तबकड्या एकमेकींच्या जवळ-लांब होणाऱ्या. स्कूटर उभी असते तेव्हा पुढच्या तबकड्या लांब असतात आणि पट्टा तळाशी बसलेला असतो. मूठ पिळली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, तबकड्या जवळ ढकलतात आणि पट्टा कडेकडे वर चढतो. मागे त्याच वेळी तो स्प्रिंगला दाबत आत उतरतो. हाच तिचा गिअर बदल, एकही दाता न बदलता. आणि हे सगळं पट्ट्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. नव्या पट्ट्याची रुंदी आणि बाद ठरवायची मर्यादा यांत बहुधा एखाद्या मिलिमीटरचाच फरक असतो. तेवढा अरुंद झाला की तो मागे पुरेसा वर बसत नाही, पुढे पुरेसा वर चढत नाही.

याचा अर्थ मुठीला कळतो. घरापासून निघाल्यावर जो पहिला चढ लागतो तो आठवा. उड्डाणपूल असेल, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प असेल. दोन वर्षांपूर्वी मागे कुणाला बसवून तो चढताना मूठ किती पिळावी लागायची? आज किती? इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि स्कूटर मागाहून उचलते, असं होतं का? ठरावीक वेगाला हँडलमध्ये थरथर जाणवते का? बदल इतका सावकाश होतो की हात त्याच्याशी जुळवून घेतो, आणि आपण म्हणतो, स्कूटर जुनी झाली. खूपदा जुना पट्टा असतो. रोज चालवणाऱ्याला जे जाणवत नाही ते एक दिवस चालवणाऱ्याला पहिल्या चौकात जाणवतं, म्हणून भावाला, मैत्रिणीला, शेजाऱ्याला एक चक्कर मारायला द्या आणि ते काय म्हणतात ते नीट ऐकून घ्या.

स्कूटरच्या बाबतीत मी आकड्याच्या बाजूने आहे. बऱ्याच मॅन्युअलमध्ये २०,००० ते २५,००० किलोमीटरच्या आसपास पट्टा बदलायला सांगितलेला असतो. रोज तीसेक किलोमीटर चालणारी स्कूटर दोन-सव्वादोन वर्षांत तिथे पोचते. पट्टा तुटला की इंजिन सुरू होतं, रेस होतं, आणि चाक जागचं हलत नाही. ढकलण्याखेरीज इलाज उरत नाही. ते रात्री साडेनऊला, ट्यूशन सुटलेल्या मुलीवर, आडरस्त्याला का येऊ द्यायचं? पट्टा बदलताना रोलर पाहून घ्या. गोल रोलरला एका बाजूला सपाट डाग पडला असेल तर तेही बदला. व्हर्निअरने जुन्या पट्ट्याची रुंदी मोजायला सांगा. नव्या पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला हवा. आणि पट्ट्याला ग्रीसचा हात लागू देऊ नका, ग्रीसचं बोट लागलं की तिथे तो घसरलाच. तुंबलेल्या पाण्यातून स्कूटर घातली असेल आणि नंतर मूठ पिळूनही ती ओढत नसेल, तर पेटीत पाणी गेलंय. जबरदस्तीने रेस करू नका, झाकण उघडून कोरडं करून घ्या.

एक पट्टा अजून राहिला. टायमिंग बेल्ट.

पुष्कळ इंजिनांत याच्या जागी साखळी असते. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअल सांगेल, आणि माहीत नसेल तर आजच पाहून ठेवा. बेल्ट असेल तर तो इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड आहे. दातेरी, आत काचतंतूंचे दोर. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत हा रबरी दातेरी पट्टा पहिल्यांदा मोठ्या उत्पादनात आणला. खाली क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरला की वर कॅमशाफ्ट बरोबर एकदा फिरला पाहिजे, एवढा नेम तो पाळतो. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह बंद असतो तो या नेमामुळे. अनेक इंजिनांत दोघांची वाट एकच असते, फक्त वेळ वेगळी. पट्टा तुटला किंवा दोन-चार दाते सरकले की वेळ चुकते आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं.

या पट्ट्यापुढे आपल्या सगळ्या इंद्रियांचा निरुपाय होतो. तो किंचाळत नाही. दिसत नाही. हाताला लागत नाही. आदल्या दिवसापर्यंत गाडी उत्तम चालते. इथे फक्त कागद आहे. कंपनीने दिलेली मर्यादा ६०,००० पासून दीड लाख किलोमीटरपर्यंत काहीही असू शकते, आणि जोडीला बहुधा वर्षांचीही अट असते. ती वर्षांची अट माणसं वाचत नाहीत. गाडी कमी चालली म्हणजे रबर म्हातारं झालं नाही, असं नसतं. वडिलांची गाडी, आठ वर्षांत तीस हजार किलोमीटर, अगदी जपलेली, तिच्यातला टायमिंग बेल्ट आठ वर्षांचाच असतो.

जुनी गाडी विकत घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद कुठेच नसेल, तर तो बदलला नाही असं धरा. मधल्या मालकाच्या शब्दावर हे सोडू नका, तो खरं बोलत असला तरी. आणि काम काढाल तेव्हा टेन्शनर, आयडलर, आणि पंप याच पट्ट्यावर असेल तर तोही, एकदमच करा. मजुरी सगळी उघडण्या-मिटण्याची असते. नव्या पट्ट्याजवळ थकलेलं बेअरिंग ठेवलं तर तेच त्याला घेऊन जाईल.

आता तिन्ही पट्टे मनासमोर आणा. एक सांगतो, एक हळूहळू कमी होत जातो, एक गप्प राहतो. पहिल्याला बोटाने आणि कानाने पारखायचं. दुसऱ्याला मुठीने ओळखायचं आणि आकड्याने बदलायचं. तिसऱ्याला फक्त तारखेने.

‘अजून चालतोय की’ हे वाक्य मनात येईल. येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका. त्याच्या मागे काय आहे ते पाहा. महिनाअखेर असेल, पैसे जपायचे असतील, तर ती खरी अडचण आहे. अशा वेळी गेज लावा, माप घ्या, आणि पट्ट्यात अजून पाच-सात हजार किलोमीटर आहेत असं दिसलं तर निश्चिंत चालवा. विनाकारण बदलणं हीही उधळपट्टीच. पण मागे नुसता कंटाळा असेल, बघू पुढच्या सर्व्हिसिंगला, हे तिसऱ्यांदा म्हणत असाल, तर ठरवून टाका. ज्यांचं पोट गाडीवर आहे, शाळेच्या व्हॅनचे काका, रात्रपाळीची कॅब चालवणारे, घाटातून भाजी आणणारे टेम्पोवाले, त्यांनी तर मर्यादेच्या थोडं अलीकडेच बदलावा. त्यांच्या पट्ट्यावर दुसऱ्यांची घरं पोचतात.

मोटारीचा बाहेरचा पट्टा वाटेत गेलाच तर काय करायचं, तेही आत्ता, शांत असताना मनात बसवा. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, एसीची हवा गरम झाली, आणि तापमानाचा काटा चढू लागला, हे जवळजवळ एकदम झालं तर पट्टा गेलाय. पुढच्या गावापर्यंत नेऊ, हा विचार नको. रस्त्याच्या कडेला घ्या, पार्किंगचे दिवे लावा, इंजिन बंद करा. रेडिएटरची टोपी उघडू नका.

पट्टा बदलून घेतल्यावर जुना मागून घ्या. गॅरेजमध्येच उजेडात धरा, उलटा वाकवा, आज सकाळी बोटाने जे शोधत होतात ते आता डोळ्यांनी पाहा. पुढच्या वेळेसाठी याहून चांगली शिकवणी नाही. मोटारीचा बाहेरचा पट्टा असेल, त्याला चिरा नसतील आणि धागे सुटले नसतील, तर घडी न घालता मोठ्या वेढ्यात गुंडाळून डिकीत ठेवा. घाटात कामाला येईल. तुटलेला, तेल लागलेला ठेवू नका.

मग बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, सर्व्हिस बुकातही लिहा, आणि बिल त्यातच ठेवा. नवा पट्टा व्ही-बेल्ट असेल तर पहिल्या काहीशे किलोमीटरांत तो थोडा ताणला जातो. तेवढं चालवून झालं की गार इंजिनावर अंगठ्याने ताण पुन्हा एकदा पाहून घ्या.